छोट्या हत्तीची बॅटरी आणि व्होल्टचा हिशेब

टाटा मोटर्सने मे २००५ मध्ये ‘एस’ ही मालवाहू गाडी बाजारात आणली आणि लोकांनी तिचं नाव ‘छोटा हत्ती’ करून टाकलं. दोन सिलिंडरचं ७०० सीसीच्या आसपासचं डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ती आणि पाऊण टन माल, एवढाच तिचा पसारा. पण वरुड-मोर्शीच्या बागेतून संत्र्याचे क्रेट उचलायचे असोत, अकोल्याहून सरकी-ढेप गावात न्यायची असो, की अमरावतीच्या गल्लीत सिमेंटच्या गोण्या पोचवायच्या असोत, मोठा ट्रक वळत नाही तिथे ती शिरते. सुरुवातीच्या काळातल्या या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘कट’ आवाज येतो, गाडीला धक्का द्यावा लागतो आणि गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली, नवी टाका. काही महिन्यांत नवीही उतरते. बॅटरी उतरणं हे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग बॅटरीत, केबलमध्ये, अल्टरनेटरमध्ये किंवा गाडीच्या वापरात असू शकतो, आणि तो नेमका कुठे आहे हे ओझ्याखाली व्होल्ट मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

पहिलं मोजमाप गाडी थंड असताना घ्यायचं. शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि पूर्ण भरलेला कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून रात्रभर उभ्या गाडीची धडधाकट बॅटरी १२.६च्या आसपास दिसते. १२.२ दिसले तर ती अर्धी रिकामी आहे आणि १२च्या खाली गेली तर जवळजवळ उतरलेली. भरलेली आणि अर्धी यांच्यात जेमतेम ०.४ व्होल्टचा फरक असतो. ‘बारा दाखवतंय, म्हणजे ठीक’ हा समज त्यामुळेच घातक ठरतो. नुकती चालून आलेली गाडी तर तेराही दाखवते, पण तो वरवरचा चार्ज असतो. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर आणखी बोलका: सहापैकी एकाच कप्प्याचं माप इतरांपेक्षा ०.०५०ने कमी आलं, तर दोष खरोखरच बॅटरीत आहे आणि ती बदलण्याला पर्याय नाही.

दुसरं मोजमाप सेल्फ फिरताना घ्यायचं, आणि बरीचशी चुकीची निदानं इथेच उघडी पडतात. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, म्हणून सेल्फला १५० अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो. वाटेत फक्त एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. इतका लहान अडथळा साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून दिसत नाही, आणि सेल्फ बंद असताना तर त्याचा काहीच मागमूस नसतो. म्हणून मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या अंगावर ठेवून सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टहून फारसं जास्त आलं, तर अर्थिंगची पट्टी, गंजलेला लग किंवा चेसिसवरचा रंग गुन्हेगार आहे. पॉझिटिव्ह केबलची परीक्षा अशीच घ्यायची. त्याच वेळी खुद्द बॅटरीच्या टर्मिनलवर ९.६ व्होल्टच्या वर टिकत असतील आणि तरी सेल्फ संथ फिरत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नये.

तिसरं मोजमाप इंजिन चालू असताना. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत, आणि तेही हेडलाइट व पंखा लावल्यावर टिकायला हवेत. अल्टरनेटरवर १४.४ आणि बॅटरीवर १३.४ दिसत असतील, तर एक व्होल्ट मधली वायर खाते आहे. दोन्हीकडे कमी असतील, तर आधी ढिला पट्टा, मग झिजलेले कार्बन आणि कटआउट, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही तपासायचा. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्याच दिव्यातून मिळतो. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर काही रुपयांचा बल्ब अख्खं चार्जिंग अडवून बसलेला असू शकतो. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर जगतो का’ बघण्याची सवय मात्र सोडायला हवी. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि चांगले डायोडही त्या परीक्षेतच मरतात.

वऱ्हाडात या आकड्यांना हवामानाची जोड द्यावी लागते. अकोल्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि एसचं इंजिन चालकाच्या आसनाखालीच तापत असतं. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज पुरतं. दर अंशाला साधारण २० ते २५ मिलिव्होल्ट धरले, तर २५ अंशांना योग्य असलेले १४.४ व्होल्ट ४५ अंशांना चौदाच्या आसपास यायला हवेत. जुना कटआउट हे साधत नसेल, तर पाणी उडतं आणि प्लेट उघड्या पडतात. सहाही कप्प्यांचं पाणी वारंवार उतरत असेल, तर संशय जास्त चार्जिंगवर घ्यावा. दुसरं कारण हंगामाचं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्यानंतर ऐन उन्हाळ्यात गाडी उभी राहते. उष्णतेत बॅटरी आपोआप लवकर उतरते, प्लेटवरचं सल्फेट घट्ट होतं, आणि पेरणीच्या खत-बियाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या की सेल्फ नकार देतो. यात बिघाड कुठल्याच भागात नसतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तेव्हा टर्मिनल सोडवून ठेवणं आणि अधूनमधून चार्ज करणं, हाच त्यावरचा इलाज.

मोजमापाच्या या आग्रहावर गॅरेजवाल्यांचं एक उत्तर असतं: मुरलेल्या कारागिराला आवाजावरूनच कळतं. बऱ्याचदा कळतंही. पण उतरलेली बॅटरी आणि गंजलेलं अर्थिंग यांत सेल्फचा आवाज सारखाच संथ येतो; कान कितीही तयार असला तरी तो त्या दोघांना वेगळं करू शकत नाही. मालकाचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. भाडं बुडण्यापेक्षा बॅटरी बदललेली स्वस्त, असं तो म्हणतो, आणि बॅटरी खरंच मेली असेल तर त्याचा हिशेब बरोबर आहे. मात्र ही तिन्ही मोजमापं मिळून पंधरा-वीस मिनिटांची आहेत. दोष केबलचा किंवा चार्जिंगचा असला, तर नव्या बॅटरीने भाडं एकदा वाचतं आणि पुढच्या वेळी पुन्हा बुडतं. जुनी बॅटरी तोवर दुकानात भंगाराच्या भावात जमा झालेली असते. ती निर्दोष होती हे दाखवणारा पुरावाही तिच्याबरोबर जातो, म्हणून चुकीचं निदान कधी उघडकीला येत नाही आणि पुन्हा पुन्हा होत राहतं.

उपाय त्यामुळे मालकाच्या हाती आहे, आणि तो महागही नाही. बॅटरीच्या प्रत्येक बिलावर तीन आकडे मागून घ्यावेत: उभ्या गाडीचे व्होल्ट, सेल्फ फिरतानाचे आणि दिवे लावून चार्जिंगचे. ज्या गॅरेजला ते लिहून देता येतात, तिथे निदान झालं आहे. जिथे येत नाहीत, तिथे फक्त विक्री झाली आहे.