दिवाणखान्यातला सिंह

बाहुली म्हटली की आपल्याला भातुकली आठवते. पण बाहुल्यांचा एक प्रकार असा आहे की जो घरात येतो तो नाटकगृहातून किंवा सर्कशीच्या तंबूतून. खेळ संपतो, पडदा पडतो, तंबू पुढच्या गावाला जातो. मागे राहते ती आठवण, आणि तीही चार दिवसांत पुसट होते. मग त्या नर्तकीची, विदूषकाची, सिंहाशी खेळणाऱ्या माणसाची छोटी प्रतिमा करून घरात ठेवायची. आज फोटो आणि चित्रफिती हाताशी असल्यामुळे त्या काळी तिचं मोल काय असेल, हे आपल्या चटकन लक्षात येत नाही.

या छंदातली सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. १८३१ ते १८३३ या काळात, म्हणजे वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी, केन्सिंग्टनच्या राजवाड्यात तिने आणि तिच्या शिक्षिका बॅरोनेस लेत्सेन यांनी मिळून १३२ बाहुल्या सजवल्या. बाहुल्या साध्याच, लाकडी, स्वस्तातल्या, वीतभर किंवा त्याहून लहान. कपडे मात्र हाताने शिवलेले. बऱ्याच बाहुल्या नाटकशाळेत पाहिलेल्या ऑपेरा-बॅलेच्या कलावंतांच्या होत्या. त्या काळची लाडकी नर्तकी मारी ताल्योनी तर त्यांत वेगवेगळ्या भूमिकांत होती. कोणती बाहुली कोणाची आणि तिचे कपडे कोणी शिवले, याची नोंद एका वहीत ठेवलेली असे. त्यांतल्या ३२ राजकन्येने स्वतः सजवल्या होत्या. मला यात गंमत वाटते ती अशी, की सगळ्यांचे लाकडी चेहरे जवळजवळ सारखेच! ताल्योनी ओळखायची ती पोशाखावरून. तिचा नाच अर्थातच बाहुलीत नव्हता. तो त्या मुलीच्या डोळ्यांत होता.

हीच मुलगी पुढे राणी झाली आणि १८३९च्या जानेवारीत लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात पुन्हा पुन्हा एकच खेळ पाहायला जाऊ लागली. खेळ होता आयझॅक व्हॅन अँबर्ग या अमेरिकन माणसाचा. रोमन योद्ध्याच्या वेशात तो सिंह, वाघ, बिबट्यांच्या पिंजऱ्यात शिरे. एकदा तर राणी खेळ संपल्यावर त्या जनावरांना मांस घालतात ते पाहायला थांबली. तिच्या सांगण्यावरून लँडसीअर या चित्रकाराने त्याचं चित्रही काढलं.

चित्र राणीला परवडलं. सामान्य माणसाच्या वाट्याला आली ती चिनीमातीची मूर्ती. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर भागातल्या कुंभारांनी त्याचीही मूर्ती बाजारात आणली. या मूर्ती साच्यातून निघत. पुढची बाजू रंगवलेली, पाठ बहुधा सपाट आणि कोरी, कारण त्या शेकोटीवरच्या फळीवर भिंतीला टेकून ठेवायच्या. कुंभारांनी मूळ माणसाला पाहिलेलं असायचंच असं नाही. छापील चित्र समोर असलं की काम भागे. हे कारखानदार चेहऱ्याबाबत किती बेफिकीर होते म्हणाल, तर बेंजामिन फ्रँकलिनच्या मूर्तीखाली त्यांनी वॉशिंग्टन हे नाव घालून ती विकली आहे!

आता या सिंहाच्या मूर्तीकडे जरा बारकाईने पाहू. सिंह शांत, पाळलेल्या कुत्र्यासारखा मालकाजवळ. प्रत्यक्षात व्हॅन अँबर्ग जनावरांना लोखंडी पहारीने झोडपून वठणीवर आणी, हे त्याच्या काळीच लोकांना ठाऊक होतं. मूर्तीत पहार नाही. दुसरी गोष्ट त्या कारखान्यांची. १८४१ साली सॅम्युअल स्क्रिव्हेन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने तिथल्या बालमजुरांची पाहणी केली. मूर्ती बनवण्याच्या कामावरही त्याला लहान मुलं सापडली. म्हणजे एका घरातल्या मुलाचं कौतुक दुसऱ्या घरातल्या मुलाच्या हातून घडत होतं.

या सगळ्या परंपरेत मला खरं खेळणं वाटतं ते बरंच नंतरचं, १९०३ सालचं. आल्बर्ट शोनहूट हा जर्मनीतून अमेरिकेत गेलेला कारागीर. फिलाडेल्फियात १८७२पासून तो मुलांचे छोटे पियानो बनवत असे. त्याच्या कारखान्याने ‘हम्प्टी डम्प्टी सर्कस’ काढली. सुरुवात फक्त एक विदूषक, एक शिडी आणि एक खुर्ची अशी. मग हत्ती, घोडे, कसरतपटू, रिंगमास्तर अशी भर पडत गेली. लाकडाचे अवयव आत लवचीक दोरीने ओवलेले आणि विदूषकाच्या हातापायांना खाचा. खाच शिडीच्या पायरीत अडकवली की जोकर एका हातावर उलटा उभा! तोल साधला नाही तर तो पडे, आणि मुलाला पुन्हा खटपट करावी लागे. व्हॅन अँबर्गची मूर्ती नुसती पाहायची होती. इथे मात्र तोल सांभाळणं म्हणजे काय, ते मुलाच्या बोटांना कळे. १९३०च्या दशकातल्या मंदीत हा कारखाना बुडाला.

आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस काढली आणि पुढे शतकभर वाघ-सिंहांशिवाय सर्कस ही कल्पनाच कोणाला सुचली नाही. १९९८मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना शिकवून त्यांचे खेळ करण्यावर बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले, पण २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०११मध्ये याच न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यासही मनाई करण्याचा आदेश दिला. तेव्हा तंबूतला सिंह गेला आणि झुल्यावरची लहान मुलगीही गेली. खेळण्यांच्या दुकानात मात्र चावी दिली की झांजा वाजवणारं माकड अजून मिळतं.