काट्यावरची चरबी

काल २४ टक्के, आज २६. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगावर एका रात्रीत दोन टक्के चरबी चढायची, तर ती १.४ किलो भरते, आणि तेवढी साठवायला दहा-बारा हजार कॅलरी जादा खाव्या लागतात. लग्नाच्या पंगतीतही हे कुणाला जमायचं नाही. तरी घरातला डिजिटल काटा असे आकडे बिनदिक्कत दाखवतो, कारण तो चरबी मोजतच नाही. तो तळपायांतून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडतो आणि अडथळा किती झाला ते पाहतो. स्नायूंत पाणी भरपूर, चरबीत फार थोडं. म्हणून अडथळ्यावरून पाण्याचा अंदाज, पाण्यावरून स्नायूंचा, आणि उरली ती चरबी. दाराबाहेरच्या चपला मोजून घरात माणसं किती हे सांगण्यातला हा प्रकार. पाणी कमी प्यायलं, टाचा भेगाळल्या, की आकडा हलला. शिवाय उंची, वय, लिंग यांचं सूत्र आत असतंच. काही काट्यांत ‘ॲथलीट’ असा पर्याय असतो. तो निवडून पुन्हा उभं राहावं, चरबी त्याच मिनिटाला उतरते!

मग उंचीच्या मानाने वजन पाहणारा साधा बीएमआय काय वाईट, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर पुण्याने दिलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. (इतका मिश्कील पुरावा वैद्यकात क्वचितच सापडतो.) उलटी बाजू अमेरिकी नौदलाचे डॉ. अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ सालीच दाखवली होती. जादा वजनापायी सैन्याला अपात्र ठरतील असे फुटबॉलपटू त्यांनी पाण्याखाली तोलले, तर बहुतेकांच्या वजनात चरबी थोडी आणि स्नायूच जास्त निघाले.

आकडा चुकला तरी कल तर कळतो, हा काट्याचा बचाव अर्धा खरा आहे. रोज सकाळी, काही खाण्यापिण्याआधी मोजलं आणि दोन-तीन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले, तर त्यात अर्थ असतो. पण एका पायातून दुसऱ्या पायात जाणारा प्रवाह पोटाकडे फारसा फिरकत नाही, आणि आपल्याकडे मधुमेहाशी जास्त नातं आहे ते पोटातल्या चरबीचं. तिच्यासाठी शिंप्याची टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता ती धरायची. टक्केवारी ती सांगत नाही. पण भारतीय पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ तिच्यावर स्वच्छ वाचता येते.