कस्टम की फॅक्टरी? बेंचरेस्ट रायफलच्या ॲक्शनची गोष्ट

(एपिसोडचं लेखी रूप. बसमध्ये आवाज ऐकू येत नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर इअरफोन लावा.)

2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच रायफल नेमबाजी नीट बघितली. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून. म्हणजे रायफल स्थिर धरायची जबाबदारी शरीराची.

आजचा खेळ याच्या उलटा आहे. नाव बेंचरेस्ट, घर अमेरिका. तिथली राष्ट्रीय संघटना 1951 पासूनची. यात काँक्रीटचं भक्कम टेबल असतं, त्यावर वाळूच्या पिशव्या आणि पिशव्यांवर रायफल. हात थरथरायचा प्रश्नच जवळजवळ संपला. मग चुरस कशाची? तर पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात याची.

100 यार्डांवर, म्हणजे साधारण 91 मीटरवर, सात मिनिटांत पाच गोळ्या. सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर मोजायचं. असे पाच गट, त्यांची सरासरी. वरच्या पातळीवर ही सरासरी 0.2 इंचाच्या आसपास किंवा त्याखाली असते. 0.2 इंच म्हणजे पाच मिलिमीटर! पाचही गोळ्यांचं मिळून एकच वाकडंतिकडं भोक दिसतं, रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्म्या रुंदीचं. मग पाच गोळ्या झाडल्या की चार, हे कसं कळणार? त्यासाठी टार्गेटच्या मागे एक कागद हळूहळू सरकत असतो. त्यावर पाच वेगळी छिद्रं उमटतात.

इतक्या बारीक हिशेबात प्रश्न येतो: कारखान्यात बनलेली ॲक्शन पुरते, की खास बनवलेली कस्टमच लागते?

ॲक्शन म्हणजे नेमकं काय?

रायफलची नळी पुढे, दस्ता मागे आणि दोघांना जोडणारा मधला पोलादी भाग म्हणजे ॲक्शन. बाहेरचं कवच रिसीव्हर, आत पुढेमागे सरकणारा दांडा बोल्ट. बोल्ट काडतूस आत ढकलतो आणि फिरवला की कुलूप लागतं. त्याच्या टोकाला दोन जाड कान असतात, त्यांना लग म्हणतात. गोळी सुटते तेव्हा आतला दाब दर चौरस इंचाला 50,000 पौंडांच्या वर जातो. तो सगळा मागचा धक्का हे दोन कान झेलतात.

आता समजा, दोनांपैकी एकच कान नीट टेकलाय. म्हणजे पोतं दोघांनी उचलायचं आणि भार एकाच्याच खांद्यावर! रिसीव्हर किंचित एका बाजूला वाकतो. दरवेळी तेवढाच वाकला असता तरी चाललं असतं. पण तो कधी थोडा कमी वाकतो, कधी जास्त, आणि गोळ्या पांगतात.

दुसरी गोष्ट, ढिलेपणा. फॅक्टरी ॲक्शनमध्ये बोल्ट आणि रिसीव्हर यांच्यात मुद्दाम फट ठेवतात. शिकाऱ्याच्या रायफलमध्ये धूळ, चिखल, बर्फ जाणार, तरी बोल्ट अडकता कामा नये. ही चूक नाही, त्या कामाची गरज आहे. पण टेबलावर तीच फट नडते. चापाची यंत्रणा बोल्टची मागची बाजू वर ढकलून धरते आणि चाप सुटला की बोल्ट जागेवरून हलतो. तेही नेमकं गोळी सुटायच्या क्षणी.

तिसरी गोष्ट, सरळपणा. लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, भाग बनवून झाल्यावर त्याला उष्णता देऊन कडक केलं की तो थोडा तरी वाकतो. मग नळीचे आटे, बोल्टचा तोंडाकडचा भाग आणि रिसीव्हरचा मध्य एका रेषेत राहतीलच असं नाही.

फॅक्टरीचंही देणं आहे

पण फॅक्टरीला नावं ठेवायची घाई नको. 1948 मध्ये रेमिंग्टनने 721 आणि 722 ही मॉडेल्स आणली. त्यामागचा मुख्य माणूस माइक वॉकर स्वतः बेंचरेस्ट खेळायचा. त्याने रिसीव्हर गोल ठेवला. कारखान्याला तो स्वस्तात बनवता आला आणि बंदूक कारागिराला लेथवर पकडून सरळ करता आला. त्याच घराण्यातली 1962 ची मॉडेल 700. कित्येक वर्षं बेंचरेस्टवाले अशाच ॲक्शन घ्यायचे, पुढचा भाग काटकोनात कापायचे, आटे पुन्हा पाडायचे, दोन्ही कान घासून सारखे टेकवायचे. काही जण तर कडकपणा वाढवायला वरून ॲल्युमिनियमची बाही चिकटवायचे.

मग काहींच्या डोक्यात आलं की एवढी दुरुस्ती करण्यापेक्षा पहिल्यापासूनच सरळ का बनवू नये? तिथून कस्टम ॲक्शन आल्या. ओहायोतल्या केल्बी कंपनीची पांडा घ्या: अंग ॲल्युमिनियमचं, पण कान जिथे अडकतात तिथे आत पोलाद. याचं कारण वजन. लाइट व्हार्मिंट गटात दुर्बिणीसकट रायफल साडेदहा पौंडांच्या आत बसवावी लागते. ॲक्शनमध्ये वाचवलेलं वजन जाड नळीवर खर्च करता येतं. आयडाहोतल्या बॅटसारखे बनवणारे पोलादातच काम करतात, पण फट केसाएवढी ठेवतात.

आणखी एक सोय. बऱ्याच कस्टम ॲक्शनमध्ये बोल्टचा दांडा उजवीकडे आणि काडतूस घालायची खिडकी डावीकडे असते. उजव्या हाताने बोल्ट, डाव्या हाताने काडतूस. मॅगझिन नाही, म्हणून खालची बाजू बंद आणि कडक. वारा एकसारखा मिळाला की पाचही गोळ्या अर्ध्या मिनिटात सोडणारे लोक आहेत.

मग पैसे कुठे घालायचे?

इथे गोष्ट पलटते. कस्टम ॲक्शन स्वतः गट लहान करत नाही. ती फक्त गट मोठा व्हायची काही कारणं काढून टाकते. गोळीला दिशा देते ती नळी. शिवाय या खेळात वाऱ्याचा वेग ताशी एक-दीड किलोमीटरने बदलला तरी 100 यार्डांवर गोळी दोनेक मिलिमीटर सरकते. आपला सगळा गटच पाच मिलिमीटरचा! म्हणून टेबलापासून टार्गेटपर्यंत वाऱ्याची निशाणं रोवतात आणि खेळाडू सगळा वेळ त्यांच्याकडे बघत असतो. निशाणं वाचता येत नसतील तर हजार डॉलरच्या वरची ॲक्शन घेऊनही मागेच राहणार. चांगली नळी लावलेली, सरळ करून घेतलेली फॅक्टरी ॲक्शन वारा वाचणाऱ्याच्या हातात असेल, तर ती अशा माणसाला सहज हरवते.

तरी वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे कस्टमच का वापरतात? दोन कारणं. एक, तिथे सगळ्यांनाच वारा वाचता येतो, मग उरलेला केसाएवढा फरकही मोजावा लागतो. दुसरं कारण साध्या हिशेबाचं. फॅक्टरी ॲक्शन घेतली, ती सरळ करून घेतली, नवा चाप बसवला, तर एकूण खर्च कस्टमच्या जवळ जातो. विकताना मात्र सरळ करायचे पैसे क्वचितच परत मिळतात. नळी हजारेक गोळ्यांत थकते आणि बदलावी लागते. ॲक्शन वर्षानुवर्षं टिकते, एकीवर कितीतरी नळ्या येऊन जातात.

म्हणून नवख्याला आमचा सल्ला असा: आधी नळी, निशाणं आणि सराव. हातात फॅक्टरी रायफल असेल तर तीच घेऊन बसा, कित्येक क्लबांत तिच्यासाठी वेगळा गट असतो. गट का फुटला याचं उत्तर दरवेळी वाऱ्यात सापडत असेल, तर ॲक्शनला दोष देऊ नका. वारा बरोबर वाचूनही एखादी गोळी विनाकारण बाहेर जायला लागली, की समजा, आता कस्टमची वेळ आली.

आणि हे फक्त रायफलचं नाही हं. नवी बॅट, नवा कॅमेरा, नवा फोन मागण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारा: गट सामानामुळे फुटतोय की माझ्यामुळे?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा!