एक देवघर, तीन इयत्ता

शाळेची घंटा नाही, बस नाही, गणवेशही नाही. मग घरीच शिकणाऱ्या लहानमोठ्या मुलांचा दिवस सुरू कुठून करायचा? सगळ्यांनी मिळून केलेली सकाळची प्रार्थना हे त्याचे एक सोपे आणि जुने उत्तर आहे.

बंगळुरूच्या रस्त्यांवर सकाळी सात वाजता शाळांच्या पिवळ्या बसगाड्यांची रांग लागते. आठ वाजेपर्यंत सिल्क बोर्डचा चौक तुंबलेला असतो. पाच-सहा वर्षांची मुले दप्तर मांडीवर घेऊन खिडकीशी पेंगत बसलेली दिसतात. हा रोजचा प्रवास, शाळांची भरमसाट फी आणि एका वर्गातील मुलांची गर्दी यांचा हिशेब मांडून या शहरातील काही कुटुंबांनी वेगळी वाट धरली आहे. त्यांनी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवले. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेल्या घरांमध्येही या वाटेची चर्चा होते.

निर्णय घेताना उत्साह असतो. पहिला महिना नव्या पुस्तकांच्या आनंदात जातो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. बारा वर्षांची मुलगी नऊपर्यंत अंथरुणातून उठत नाही. आठ वर्षांचा मुलगा उठल्याबरोबर मोबाईल मागतो. चार वर्षांचे शेंडेफळ सकाळी सहापासून घरभर धुमाकूळ घालते. आई एकीला अपूर्णांक समजावून सांगते तेवढ्यात धाकटा रंगाची वाटी उपडी करतो. अकरा वाजतात तरी अभ्यासाचा पत्ता नसतो. मग आरडाओरडा होतो, रडारड होते आणि संध्याकाळी सासूबाईंचा फोन येतो, “अगं, घाला की त्यांना शाळेत!”

अशा घरात कमी पडते ती दिवसाची सुरुवात, पुस्तके नव्हेत. शाळेत हे काम घंटा करते. घंटा झाली की पहिलीपासून दहावीपर्यंतची सगळी मुले एकाच मैदानात, एकाच प्रार्थनेसाठी उभी राहतात आणि नंतर आपापल्या वर्गात जातात. घरालाही अशीच एक घंटा हवी, आणि बहुतेक मराठी घरांत ती देवघरात आधीपासूनच असते.

गागोद्याचे देवघर

मुलांना देवघराशी बसवणे म्हणजे त्यांच्याकडून स्तोत्रे घोकून घेणे, असा अनेकांचा समज असतो. विनोबा भावे यांच्या बालपणीच्या आठवणी वाचल्या की तो दूर होतो. कोकणातील गागोदे गावी लहानगा विन्या आजोबांच्या पूजेच्या वेळी शेजारी बसत असे. एकदा पूजा चालू असताना देवाच्या मूर्तीवर विंचू आला. घरातली माणसे त्याला मारायला निघाली. आजोबांनी सगळ्यांना थांबवले. विंचू देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही, असे सांगून त्यांनी पूजा पुढे चालू ठेवली. विंचू आपल्या वाटेने निघून गेला. हा प्रसंग विनोबांच्या मनावर आयुष्यभर कोरला गेला. भूतदयेवरचा कोणताही धडा इतका खोल गेला नसता.

गणेशोत्सवात हे आजोबा चंदन उगाळून त्याचा गणपती करत आणि उगाळण्याच्या कामात मुलांना हाताशी घेत. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय विन्याला खायला मिळत नसे, असा आईचा नियम होता. पुढे याच आईला संस्कृत गीता समजेना. मुलाने सांगितलेले मराठी अनुवादही तिला जड वाटले, तेव्हा तूच का करत नाहीस, असे तिने मुलाला विचारले. त्या प्रश्नातून १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ जन्माला आली. तोवर आईला जाऊन बारा वर्षे झाली होती.

या घरात मुलांना उपदेश थोडा आणि काम भरपूर होते. सहाणेवर चंदन उगाळणे, तुळशीला पाणी घालणे, पूजा होईपर्यंत गप्प बसणे. घरच्या शाळेची सकाळ बसवताना हाच धडा उपयोगी पडतो.

ज्याचे त्याचे काम

वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र बसवायची म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट द्यायची असे नव्हे. वेळ एक असावी, जागा एक असावी, कामे मात्र वेगळी असावीत. चार वर्षांच्या मुलाला फुले द्यावीत. पांढरी वेगळी, लाल वेगळी करणे, दहा मोजून तबकात ठेवणे आणि शेवटी घंटा वाजवणे ही त्याची कामे. घंटा आपल्याला मिळणार या आशेवर लहान मूल दहा मिनिटे शांत बसते. आठ वर्षांच्या मुलाने वाचता येऊ लागलेल्या डोळ्यांनी पंचांग किंवा भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे आणि आजचा वार, तिथी, महिना सर्वांना सांगावा. बारा वर्षांच्या मुलीकडे निरांजन, काडेपेटी आणि वाचन सोपवावे. मोठ्या मुलांना जबाबदारी दिली की त्यांची कुरकुर निम्मी होते.

पाठांतरासाठी समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक सोयीचे आहेत. एकूण २०५ श्लोक, प्रत्येक चार ओळींचा आणि सगळे भुजंगप्रयात वृत्तात. त्यामुळे चाल एकदा बसली की ती सगळ्या श्लोकांना पुरते. रविवार सोडून रोज एक श्लोक म्हटला तरी सुमारे आठ महिन्यांत सगळे म्हणून होतात. धाकट्याने फक्त ताल धरावा, मधल्याने दोन ओळी पाठ कराव्यात, थोरलीने अर्थ आपल्या शब्दांत सांगावा. श्लोक एकच, पण त्यात तीन इयत्तांचा धडा असतो. पुढे हवे तर ‘गीताई’चा बारावा किंवा पंधरावा अध्याय घ्यावा. दोन्ही प्रत्येकी वीस श्लोकांचे आहेत.

देवघर ते वहीपर्यंत

तिथी सांगण्यातून अभ्यासाची वाट आपोआप निघते. चंद्र आज अर्धा का दिसतो? तीस तिथींचा महिना असूनही चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान का? मग तो फरक भरून काढायला साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो, हे गणित बारा वर्षांची मुलगी वहीत मांडू शकते.

बंगळुरूमध्ये अशा प्रश्नांना शहरही उत्तरे देते. गवीपुरम येथील गवी गंगाधरेश्वराच्या गुहामंदिरात मकर संक्रांतीच्या संध्याकाळी मावळत्या सूर्याचा किरण नंदीच्या शिंगांमधून थेट शिवलिंगावर पडतो. वर्षभर सूर्याची मावळण्याची जागा कशी सरकते, हे मुलांना घराच्या गच्चीवरून नोंदवता येते आणि संक्रांतीला देवळात जाऊन पाहताही येते. मल्लेश्वरममधील काडू मल्लेश्वराच्या देवळाचा १६६९ सालचा शिलालेख शिवरायांचे सावत्र बंधू एकोजी यांनी दिलेल्या दानाची साक्ष देतो. मराठी मुलांना या शहराशी असलेले आपले नाते त्या दगडावर दिसते.

भाषेचेही तसेच आहे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, पुस्तकात इंग्रजी अशा तिढ्यात वाढणाऱ्या मुलांना विठ्ठल हा मोठा दुवा आहे. तुकोबांचा विठ्ठल तोच पुरंदरदासांच्या कन्नड पदांतला विठ्ठल. पंडित भीमसेन जोशी यांनी मराठी अभंग जितक्या तन्मयतेने गायले तितक्याच तन्मयतेने कन्नड दासपदेही गायली. आठवड्यातून एक दिवस शेजारच्या आजींना बोलावून त्यांच्याकडून एक पद शिकून घेतले, तर मुलांचे कन्नड सुधारते आणि घरच्या शाळेला पाहुण्या बाईही मिळतात. गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात, तेव्हा पुरणपोळी आणि होळिगे यांची देवाणघेवाणही होऊ द्यावी.

‘मला नाही बसायचे!’

कसोटीचा प्रसंग मात्र दुसराच असतो. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा एक दिवस म्हणतो, “माझा देवावर विश्वास नाही. मी बसणार नाही.” आईच्या पोटात गोळा येतो. वडील आवाज चढवतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला हा वाद घालायला बाहेर मित्र असतात. घरी शिकणाऱ्या मुलाचे शिक्षक, वर्ग आणि देव तिन्ही एकाच छपराखाली असतात. म्हणून घरच्या शाळेत सक्तीचा धोका अधिक, आणि म्हणूनच पालकांनी अधिक जपायला हवे.

येथे दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मचे उदाहरण आठवावे. १९१० मध्ये कॅलनबाक यांनी दिलेल्या अकराशे एकर जमिनीवर गांधीजींनी सत्याग्रही कुटुंबांची वसाहत उभी केली आणि तेथील मुलांना स्वतःच शिकवायला घेतले. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा सगळ्या घरांतली ही मुले, सात वर्षांच्या बालकांपासून वीस वर्षांच्या तरुणांपर्यंत, एकाच शाळेत होती. सकाळी शेतीची कामे असल्याने वर्ग दुपारच्या जेवणानंतर भरत आणि दमलेल्या मुलांना डुलक्या येत. शिकवणाऱ्यालाही झोप आवरत नसे, हे गांधीजींनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

संध्याकाळची प्रार्थना सर्वांची असे. कधी रामायण, कधी इस्लामवरचे पुस्तक वाचले जाई. भजने इंग्रजी, हिंदी, गुजराती अशी मिळून होत. रमजानमध्ये मुसलमान मुलांना रोजे पाळायला उत्तेजन दिले गेले, तेव्हा इतरही मुले त्यांच्या सोबतीने उपवासाला पुढे आली. आत्म्याचे शिक्षण पुस्तकातून देता येत नाही, ते शिक्षकाच्या स्वतःच्या वागण्यातून मिळते, हा या प्रयोगातून गांधीजींनी काढलेला निष्कर्ष होता.

त्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की त्याच्याशी वाद जिंकण्याची घाई करू नये. श्लोक म्हणायचा नसेल तर म्हणू नको, पण ही वीस मिनिटे आम्हा सगळ्यांबरोबर बैस, एवढेच सांगावे. त्याला हवे तर तबला वाजवू द्यावा, थोर व्यक्तीच्या चरित्रातले एक पान वाचू द्यावे किंवा पाच मिनिटे नुसते शांत बसू द्यावे. त्याचा प्रश्न रविवारच्या निवांत वेळी सर्वांसमोर चर्चेला घ्यावा. धाकटी भावंडे हे ऐकून बिघडतील अशी भीती बाळगू नये. आपल्या घरात प्रश्न विचारला तर कोणी रागावत नाही, हे त्यांनाही कळणे चांगलेच.

मुलांची दुसरी तक्रार वडिलांबद्दल असते. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्री उशिरापर्यंत काम करणारे बाबा सकाळी झोपलेले आणि आई मात्र सर्वांना उठवून बसवते, असे दिसले की प्रार्थना हे आईचे खूळ ठरते. रोज जमत नसेल तर बाबांनी आठवड्यातले दोन दिवस ठरवून घ्यावेत आणि ते कसोशीने पाळावेत. आठवड्याची एक गोष्ट त्यांनीच सांगावी.

ही पद्धत एका धर्मापुरती नाही. ख्रिस्ती घरात बायबलचा उतारा आणि मराठीतील स्तोत्र असेल. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीतच आहे. मुसलमान घरात फजरची नमाज दिवसाला आरंभ देतेच. आईवडील दोन वेगळ्या धर्मांचे असतील तर आठवड्याचे दिवस वाटून घेता येतात.

परीक्षेचे काय?

प्रार्थनेने दिवस बांधला जातो, परीक्षा मात्र द्यावीच लागते. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. घरच्या शिक्षणासाठी त्यात स्वतंत्र तरतूद नाही. म्हणून मुलांच्या वह्या, चित्रे, वाचलेल्या पुस्तकांची यादी तारीखवार जपून ठेवणे शहाणपणाचे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते. प्रार्थनेनंतर त्याच सतरंजीवर प्रत्येकाने आजचा अभ्यास वहीत लिहिला, तर ही नोंदही आपसूक होत जाते.

सुरुवात करताना

• पहिले पंधरा दिवस फक्त दहा मिनिटे. सवय झाली की वीस. लहान मूल असेल तर त्यापुढे ताणू नये.
• वेळेपेक्षा क्रम पाळावा. अंघोळ, प्रार्थना, न्याहारी, अभ्यास. अर्धा तास उशीर झाला तरी क्रम मोडू नये.
• आदल्या रात्री फुले, वाती, पुस्तक तयार ठेवावे. ही तयारी मुलांनीच करावी.
• प्रार्थना होईपर्यंत घरातले सर्व मोबाईल एका टोपलीत. आईबाबांचेही.
• चुकलेल्या श्लोकाला गुण नाहीत, शिक्षा नाही. देवघरात परीक्षा घेऊ नये.
• आजारपण, पाहुणे, प्रवास यांत खंड पडला तर दुसऱ्या दिवशी काही न बोलता पुन्हा बसावे.
• दर महिन्याला मुलांना विचारावे, यात काय आवडले, काय बदलायचे?

या वीस मिनिटांनी मुले एकदम शहाणी होतील असे नाही. धाकटा कधी फुले उधळेल, थोरली कधी जांभया देईल. पण दोन-तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी आईला ताप आलेला असेल, आणि आतल्या खोलीतून तिला घंटेचा आवाज ऐकू येईल. कोणी न सांगता मुले आपापल्या जागी बसलेली असतील. त्या दिवशी घरच्या शाळेने पहिली परीक्षा पास केली असे खुशाल समजावे.