नाव वर, निवेदक खाली

दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत गद्यकथेतला आठवा उच्छ्वास, म्हणजे आठवं प्रकरण, वाशिमच्या वाचकाने मुद्दाम वाचावा. गोष्ट विदर्भाची आहे. पुण्यवर्मा हा भला राजा जातो आणि मुलगा अनंतवर्मा गादीवर येतो. वसुरक्षित हा म्हातारा मंत्री दंडनीती शिका म्हणून कानीकपाळी ओरडतो. विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या राजाला मौजमजेत बुडवतो. शेजारचा अश्मकराजा टपलेलाच असतो. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींना या कथेत वत्सगुल्मच्या, म्हणजे आजच्या वाशिमच्या, वाकाटकांची अखेर दिसली. त्यांच्या मते पुण्यवर्मा म्हणजे अजिंठ्याच्या लेखातला हरिषेण. मत वादातीत नाही, पण मोहात पाडणारं खरं.

प्रकरणाचं नाव मात्र ना राजावरून ना राज्यावरून. ते आहे ‘विश्रुतचरित’, कारण ही हकिगत दहा कुमारांपैकी विश्रुत सांगतो. त्याआधीचं ‘मंत्रगुप्तचरित’ तर अफलातून. प्रेयसीने ओठ चावल्यामुळे मंत्रगुप्त प, फ, ब, भ, म ही अक्षरं टाळून अख्खी गोष्ट सांगतो. आता त्याच्या स्वतःच्या नावातच ‘म’ आणि ‘प’! तो बिचारा आपलं नाव घेणार कसं? ते काम प्रकरणाच्या नावाने करायचं.

पोथीत हे नाव वर नसे. मजकूर सलग चाले आणि उच्छ्वास संपला की ‘इति’ने सुरू होणाऱ्या पुष्पिकेत कर्ता, ग्रंथ, प्रकरणाचं नाव, क्रमांक असं सगळं एका दमात येई. कित्येक पोथ्यांत ती ओळ तांबड्या शाईत असते किंवा तिच्यावर गेरू फिरवलेला असतो, म्हणजे पानं चाळताना नजर तिथेच अडते. छापील पुस्तकात नाव माथ्यावर चढलं: नवं पान, मोठा टाइप, भोवती कोरी जागा.

मराठी कादंबरीकारांनी ही जागा निवेदकाला दिली, तेव्हा तिचं चीज झालं. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) नऊ भाग आणि सहा निवेदक. चार भाग एकट्या कर्णाचे, पण शेवटचा कृष्णाचा. स्वतःचं मरण कर्ण सांगणार कुठून? नाव वाचलं की वाचक आपोआप कान बदलतो.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. कादंबरीचा विवेक ज्याच्याकडे सोपवलाय, त्या कचाच्या नावाचं प्रकरण मात्र नाही. तो भेटतो तो या तिघांच्या तोंडून, नाहीतर पत्रांतून. त्यालाही एक प्रकरण दिलं असतं, तर त्याचा उपदेश फार जड झाला असता.