रोटरीत आलेला माणूस टिकतो कशाने?

१९०६ साली शिकागोतल्या डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलांना एका नव्या क्लबाचं आमंत्रण आलं. क्लब जेमतेम वर्षाचा होता. सभासदांनी एकमेकांना धंदा द्यायचा आणि मैत्री वाढवायची, एवढाच त्याचा उद्देश. कार्टर यांनी नकार दिला. नुसता आपसातला फायदा बघणारी संस्था फार दिवस चालायची नाही, शहरासाठी काही करणार असाल तर येतो, असं त्यांचं म्हणणं. क्लबाचे संस्थापक पॉल हॅरिस यांना ते पटलं. घटनेत शहराच्या हिताचं कलम आलं, कार्टर सभासद झाले आणि १९०७ मध्ये क्लबाने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून खटपट सुरू केली. रोटरीच्या समाजसेवेचं मूळ या नकारात आहे.

गळतीही रोटरीइतकीच जुनी. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघे जमले होते: वकील हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंते गस्टेव्हस लोएर आणि शिंपीकाम करणारे हायरम शोरी. त्यातले लोएर आणि शोरी फार काळ राहिले नाहीत. शील मात्र हॅरिस यांचे जन्माचे मित्र झाले. कोण टिकलं, याचं उत्तर तिथेच मिळतं. ज्याची मैत्री जुळली, तो टिकला.

भारतात कलकत्त्याच्या क्लबाला १ जानेवारी १९२० रोजी मान्यता मिळाली, मुंबईत रोटरी १९२९ साली आली. सुरुवातीची पद्धत अशी की एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायचा आणि तोही कुणीतरी नाव सुचवल्यावरच. पुढे नियम सैल झाले. तरी आजही तालुक्याच्या गावातल्या क्लबात डॉक्टर, सीए, बिल्डर, प्राध्यापक, कापडदुकानदार शेजारीशेजारी बसलेले दिसतात. एरवी या मंडळींची गाठ केस, फाइल किंवा बिलाच्या निमित्ताने पडते. इथे ती बिनकामाची पडते, हीच क्लबाची मोठी देणगी.

नव्या सभासदाचा पहिला दिवस थाटाचा असतो. घंटा वाजते, गळ्यात कॉलर घातलेले अध्यक्ष उभे राहतात, नाव सुचवणारा त्याची ओळख करून देतो आणि चोवीस दात्यांच्या चाकाची छोटी पिन कोटावर लागते. टाळ्या, फोटो, जेवण. खरी परीक्षा पुढच्या सभेपासून. तो येतो तेव्हा जुने लोक आपापल्या ठरलेल्या टेबलावर बसलेले असतात. वाढदिवस जाहीर होतात, वक्ता बोलतो, राष्ट्रगीत होतं आणि तो घरी जातो. असं चार-सहा वेळा झालं की त्याला सभेच्या दिवशी नेमकं दुसरं काम निघायला लागतं.

पूर्वी यावर कडक उपाय होता. लागोपाठ चार सभा चुकल्या की सभासदत्व धोक्यात. परगावी गेलेल्याने तिथल्या क्लबात हजेरी लावून ‘मेकअप’ करायचा. साताऱ्याचा व्यापारी त्यामुळे मुंबईच्या सभेत जाऊन बसे आणि चार नव्या ओळखी घेऊन येई. २०१६ मध्ये हजेरी आणि सभांच्या बाबतीत क्लबांना बरीच मोकळीक मिळाली. ते योग्यच झालं. नोकरी आणि लहान मुलं सांभाळणाऱ्या तरुणाला दर आठवड्याची संध्याकाळ मागणं अन्यायाचं आहे. मात्र हजेरी सुटली तर माणसाला धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतं, आणि ते प्रत्येक क्लबाला स्वतः उभं करावं लागतं.

अडचण कॅलेंडरचीही आहे. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं आणि दरवर्षी अध्यक्ष बदलतो. आपल्या कारकिर्दीत आकडा वाढावा असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून ओळखीच्या, नात्यातल्या माणसांची नावं घातली जातात. पण आंतरराष्ट्रीय वर्गणी १ जुलै आणि १ जानेवारीच्या यादीवर, डोईमागे भरावी लागते. त्यामुळे जून सरता सरता नुसती कागदावर असलेली नावं गळतात. कोलकात्याचे शेखर मेहता २०२१-२२ मध्ये जागतिक अध्यक्ष असताना प्रत्येकाने एकाला आणावं, अशी हाक त्यांनी दिली होती. तरी जगभरची संख्या बरीच वर्षं बारा लाखांच्या आसपासच राहिली आहे.

माणसं हवीत तर दारं उघडावी लागतात, हे कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावाच्या क्लबाने दाखवलं. सभासद रोडावले होते, म्हणून १९७७ मध्ये त्यांनी तीन महिलांना घेतलं. पुढच्याच वर्षी क्लबाची मान्यता काढून घेण्यात आली. क्लब कोर्टात गेला आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. १९८९ मध्ये रोटरीने जगभरचा ‘फक्त पुरुष’ हा नियम काढून टाकला. एका छोट्या क्लबाच्या गरजेतून एवढा बदल झाला.

आणि माणूस टिकवण्याची सर्वांत मोठी शाळा म्हणजे पोलिओ. रोटरीने १९८५ मध्ये हे काम जागतिक पातळीवर हाती घेतलं. रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर टेबल मांडायचं, बर्फाच्या डब्यातली कुपी काढायची, रडणाऱ्या पोराच्या तोंडात दोन थेंब सोडायचे आणि डाव्या करंगळीला शाई लावायची. आरोग्यसेविका आणि अंगणवाडीच्या ताईंबरोबर हे काम केलेला रोटेरियन वर्षानुवर्षं त्याबद्दल बोलतो. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या यशात आपला रविवार आहे, असं ज्याला म्हणता येतं, तो वर्गणीचा हिशेब मांडत बसत नाही.

म्हणून जुलैत पदभार घेणाऱ्या अध्यक्षांना एक विनंती. पिन लावल्याच्या पहिल्याच महिन्यात नव्या सभासदाच्या हाती एक नेमकं काम द्या. रक्तदान शिबिराची यादी असो, शाळेच्या पाण्याच्या टाकीचा पाठपुरावा असो. सभेत त्याला आपल्या टेबलावर बोलवा. दोन सभांना तो दिसला नाही, तर नोटिशीऐवजी त्याला फोन करा.