गुळगुळीत दोरीची पक्की गाठ

गरवायला गेलेल्याच्या गळाला मोठा मासा लागतो, दोरी ताणली जाते आणि अचानक सैल पडते. गुंडाळून पाहावे तर दोरी शाबूत, टोकाला गळ मात्र नाही. टोक विसकटलेलेही नसते, कापले होते तसेच असते. म्हणजे दोरी तुटलेली नाही, गाठ सरकून सुटली आहे. तंगुसासाठी वर्षानुवर्षे हातात बसलेली गाठ विणलेल्या दोरीला, म्हणजे ब्रेडेड लाइनला, मारली की असा दगा होतो.

याचे कारण दोरीच्या पदार्थात आहे. तंगूस हा नायलॉनचा एकसंध धागा. तो ताणला जातो, गाठीत थोडा चेपतो आणि स्वतःलाच धरून ठेवतो. ब्रेडेड लाइन ही अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंची वेणी असते. तिची ताकद जाडीच्या मानाने फार मोठी, पण ती जवळजवळ ताणली जात नाही आणि तिचा पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत असतो.

कोणतीही गाठ टिकते ती घर्षणावर. धक्क्यावरच्या खांबाला दोराचे दोन-तीन फेरे दिले, की एकटा माणूसही होडी रोखून धरू शकतो, कारण प्रत्येक फेऱ्याने पकड गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२ असेल, तर पाच फेऱ्यांत पकड सुमारे ५३५ पट होते. तो ०.१ असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांत जेमतेम २३ पट. घर्षण निम्मे झाले, तर तीच पकड मिळवायला फेरे दुप्पट लागतात. म्हणून गुळगुळीत दोरीला जास्त फेऱ्यांची किंवा दुपदरी गाठ हवी.

अशा गाठींत ‘पॅलोमार’ सोपी आणि भरवशाची मानली जाते. साधारण वीतभर दोरी दुमडून तिचा दुपदरी फास गळाच्या नेढ्यातून ओवावा. या दुपदरी दोरीची एक साधी, सैल गाठ मारावी. गळ तिच्याखाली लोंबकळत राहील. आता फास मोठा करून त्यातून अख्खा गळ पार करावा. गाठ पाण्याने ओली करावी आणि दोन्ही पदर एकत्र धरून सावकाश आवळावी. पदर एकमेकांवर चढू देऊ नयेत. शेवटी पाव इंच शेपूट ठेवून उरलेले टोक कापावे.

ओले करण्यामागेही कारण आहे. कोरडी गाठ झटक्याने ओढली, की घासून उष्णता तयार होते. पॉलिथिलीनचे तंतू साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात आणि त्याच्या बऱ्याच आधी दुबळे होतात. नायलॉन त्यामानाने जास्त उष्णता सोसते. रिळावरही हीच दोरी थेट बांधली, तर सगळे वेटोळे एकसंध गरगरते. त्यासाठी आधी तंगुसाचे काही फेरे गुंडाळून ब्रेडेड लाइन त्याला जोडतात.

मासा गेला तर दुसरा मिळेल, बोटांचे तसे नाही. बारीक आणि न ताणली जाणारी ही दोरी ओढताना सुरीसारखी कापते. त्यामुळे गाठ आवळताना हातमोजा किंवा जाड फडके वापरावे. गळ खडकात अडकला तर दोरी हाताला कधीच गुंडाळू नये. लाकडी दांडक्याला गुंडाळून ओढावी. बोट कापलेच, तर स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे, जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे. बोट बधिर वाटले किंवा नीट वाकत नसेल, तर उशीर करू नये. आतली नस किंवा स्नायुबंध कापला गेलेला असू शकतो.

गाठीची परीक्षा पाण्यात टाकण्यापूर्वीच घ्यावी. गळ खुंटीला अडकवून, दोरी दांडक्याला गुंडाळून जोर वाढवत ओढावे. शेपूट आखडू लागले तर ती गाठ कापून नवी मारावी.